चवीबद्दल बोलायचं नाही

४ फेब्रुवारी

अहो,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. जाऊबाई सांगत होत्या, तुमच्या दादांच्या दुकानात फोनवर माझं नाव दिसलं की तुम्ही एकदम रंगाचे डबे मोजायला मागच्या खोलीत जाता. पत्र काही वाजत नाही. ते गल्ल्यावर पडून राहील आणि गिऱ्हाईक नसलं की तुम्ही ते उघडाल, एवढं मी तुम्हाला ओळखते. एवढंच ओळखते, असंही आता म्हणता येईल.

मी बंदराच्या गावात आहे, कामावर. कंपनीनं तुमच्या जागी हिशेब विभागातल्या एक बाई दिल्यात. नवरा म्हणून काही कुणालाही बसवता येत नाही, म्हणून मी त्यांना नणंद केलंय. हॉटेलात शिरलो की त्या स्वतःच पुढे होऊन सांगतात, "ही माझी वहिनी." इतक्या ठसक्यात सांगतात की खोलीची किल्लीही त्यांच्याच हातात पडते. तुम्हाला बहीण नाही म्हणून लग्नानंतर मी सुखात होते, तर नशिबानं नोकरीतून नणंद पाठवली. रोज डोक्यावर मिरे वाटते.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना नियम सांगितले. कंपनीच्या मोठ्या बाईंनी आपल्याला पहिल्या दिवशी सांगितले होते तसेच, शब्दाला शब्द. आपण हॉटेलांना गुण देणाऱ्या मार्गदर्शिकेची माणसं आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. एकटं माणूस जेवायला बसलं की वाढपी त्याच्याकडे टक लावून बघतो, जोडीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून जोडीनं जायचं. दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवायचे आणि अर्ध्यावर ताटं बदलायची. आणि दोघांनी आपापले गुण लिहून पाकिटं बंद करेपर्यंत चवीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, कारण एकाचं मत दुसऱ्याला सर्दीसारखं लागतं.

"समजलं," त्या म्हणाल्या. सूप आलं. पहिला चमचा तोंडात गेला न गेला तोच, "अगं वहिनी, काय झकास आहे गं!" पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मी टेबलाखालून पाय मारला तर म्हणाल्या, "पाय कशाला मारतेस? झकास आहे तर झकास आहे." सूप बरं होतं. पाव शिळा होता. खोलीतली खिडकी उघडते पण मिटत नाही, आणि नळ रात्रभर एकाच सुरात गळतो.

तुमची आठवण काढत नाहीये मी. समोर कुणी गप्प बसलेलं नव्हतं, एवढंच जरा चुकल्यासारखं वाटलं.

तुम्ही तिकडे जेवता कसे? जाऊबाई म्हणतात, पुढ्यात येईल ते खातात, काही मागत नाहीत, काही टाकत नाहीत. हे ऐकून त्या खूश आहेत. मी नाही. मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट दोन बोटं पुढे सरकवणारा माणूस होतात तुम्ही. तोंडानं काही म्हणायचा नाहीत, ताटच बोलायचं. मला तेव्हा त्या सरकवण्याचा इतका राग यायचा.

बाकी ठीक. उत्तर लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी दुकान बुडणार नाही.

मी


१६ फेब्रुवारी

अहो,

उत्तर नाही. बरं. मग मीच दोघांच्या वाटचं बोलते. तशीही माझी ख्याती तीच आहे.

त्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत काय झालं ते मी मनात इतक्या वेळा घोळवलंय की आता खुर्च्यांचा रंगसुद्धा सांगू शकेन. चुकलं तर सांगा. त्यांनी आपली दोन पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. हमरस्त्यावरचं ते भोजनगृह, जुन्या तेलात तळलेला मासा. मी दहापैकी तीन दिले होते. तुम्ही नऊ. त्याखाली अजून पाकिटं होती, गेल्या वर्षभरातली, आणि सगळ्यांची तीच तऱ्हा. माझे गुण रांगत होते आणि तुमचे माडीवर चढून बसले होते.

"एकाच टेबलावर बसून तुम्ही दोघं दोन वेगळ्या गावांत जेवता का हो?" बाई म्हणाल्या. हसत होत्या, पण वाचकांची तक्रारीची पत्रं त्यांच्या हातात होती. छापताना तुमचेच नऊ गुण धरले होते, ते बघून लोक गाडी थांबवून तिथे जेवले होते आणि पस्तावले होते.

मला वाटलं, तुम्ही काहीतरी कारण सांगाल. तुम्ही सरळ म्हणालात, "मला वास येत नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून. चवही गेली त्याच्याबरोबर. तोंडात गरम-गार कळतं, बास."

"मग गुण कसे लिहिता?"

"हिच्याकडे बघून. ही कशी जेवते ते बघतो आणि लिहितो. हिचा चेहरा काही लपवत नाही."

बाईंनी दोन्ही कागद तुमच्यापुढे सरकवले. "अहो, मग हिचे तीन आणि तुमचे नऊ कसे?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. खरोखर बुचकळ्यात पडला होतात. म्हणालात, "तेच तर मला कळत नाही. ही इतकी खुशीत जेवत होती."

मी मूग गिळून बसले. बाई भल्या, तुमच्यावर विश्वास ठेवला, डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं आणि सांगितलं की आता काही परत येईल अशी आशा धरू नका. तुम्ही राजीनामा दिलात, त्यांनी चांगलं पत्र दिलं, चहा पाजला. सगळं कसं सभ्यपणे झालं. मग आपण जिना उतरत होतो आणि मी विचारलं, "म्हणजे वर्षभर माझ्याकडे बघत होतात ते याच्यासाठी?"

तुम्ही कठड्यावर हात ठेवून म्हणालात, "कामच होतं ते माझं."

आता बोलतेच. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत तुम्ही जेवताना माझ्याकडे कधी बघितलं होतं? वीस-बावीस वर्षं आपण जगातल्या नाही नाही त्या टेबलांवर समोरासमोर बसलो आणि तुमची नजर आपली ताटात. मला वाटायचं, असतात काही पुरुष असे. आणि मग एकदम त्या तापातून उठल्यावर तुम्ही मान वर केलीत. चमचा तोंडाशी नेला की तुमचे डोळे माझ्यावर. घास गिळेपर्यंत हलायचे नाहीत. मी कलप लावायला लागले. कानातलं नवं घेतलं. अत्तर घेतलं हो, लहानशी बाटली, आणि प्रत्येक जेवणाला निघताना मानेला लावायचे. तुम्ही त्याबद्दल कधी काही म्हणाला नाहीत, तर मी समजूत घातली की पुरुषांना शब्द सुचत नाहीत. शब्द कुठून सुचणार, वासच पोचत नव्हता.

एखाद्याचा ताप उतरला की नाही ते लोक थर्मामीटरकडे बघून ठरवतात. थर्मामीटरला काही वाटत नसेल. मला वाटलं. फार वाटलं.

आणि सांगितलं का नाहीत? नियम चवीबद्दल न बोलण्याचा होता, चव गेली हे न सांगण्याचा नव्हता. मी तुम्हाला काय कामावरून काढणार होते? तुमच्या वाटचंही मी चाखलं असतं. एकाच टेबलावर बसून तुम्ही एवढं मोठं दुःख एकट्यानं गिळत होतात आणि मी समोर बसून केस सावरत होते.

आणि म्हणे खुशीत! मी! त्या तेलकट माशाला! तुम्हाला चेहरा वाचता येत नाही, एवढंच यातून सिद्ध झालं.

मी


१ मार्च

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. नणंदबाईंना वाचून दाखवलं, कारण गुप्त ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. "दोन्ही पत्रं पोचली. तब्येत बरी. स्वयंपाकघरातला नळ गळत असेल तर वॉशर वरच्या खणात आहे, निळ्या डबीत." नणंदबाई म्हणाल्या, "किती काळजी करतात गं!" मी म्हटलं, "हो, नळाची."

वॉशर सापडला. बसवला. नळ आता गळत नाही.

आता मुद्द्याचं. मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. कंपनी नदीकाठच्या त्या मोठ्या शहराची स्वतंत्र आवृत्ती काढतेय, आणि त्याची प्रमुख म्हणून मला पाठवायचं म्हणताहेत. स्वतंत्र कचेरी, राहायला घर, हाताखाली जोड्या. आपण ज्या हॉटेलांच्या दारातल्या माणसाचा रुबाब बघून परत फिरायचो, त्यांची यादी मी करायची. एप्रिलच्या एक तारखेला रुजू व्हायचं आणि या महिनाअखेरीला होकार द्यायचा. मी ऐकत होते. आनंदच झाला असेल. आनंद झाल्यावर सांगायला समोर कुणीतरी असावं लागतं, नाहीतर तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मी बाईंना म्हटलं, "मला एक माणूस लागेल. खोल्या तपासायला." त्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "जेवणाचा संबंध नाही. गाद्या, नळ, जिने, दारं, शेजारच्या खोलीतला आवाज. या कामाला जीभ लागत नाही आणि त्यांच्यासारखं ते कुणी करत नाही." खरं सांगते, मी जरा जास्तच बोलले. खोलीत शिरल्यावर तुम्ही आधी प्रत्येक खुर्चीवर बसून बघता, पलंगावर चपला काढून उड्या मारता, भिंतीला कान लावता, हे सगळं सांगितलं. बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "आणा त्यांना. पण त्यांनी यायला हवं ना."

तर अहो, या.

रागावून लिहिलेलं ते पत्र मी काही परत घेत नाही. मला लागलंय ते लागलंय. पण आपण एका घरात राहून भांडू. तुम्ही तिथे खिळे विकताय आणि मी इथे खोट्या नणंदेबरोबर जेवतेय, हा काय संसार झाला? तुमचे दादा तुम्हाला दुकानात ठेवून घेतील, जाऊबाई ताट वाढतील, त्यांची माया मी नाकारत नाही. पण तुम्ही काही दुकानात उभे राहणारे नाही. तुम्हाला दर आठवड्याला नवं गाव लागतं, नाहीतर तुमच्या पायांना मुंग्या येतात.

कार्डावर नका लिहू. कार्ड नळापुरतं ठीक आहे.

मी


१० मार्च

अहो,

मी शहर बघून आले. एकटीच गेले होते, चार दिवस.

घर पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती तिसऱ्याला थांबून विचार करते. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि त्याला इतकी मोठी खिडकी की ओट्याशी उभं राहून पूल दिसतो, पुलावरच्या बसगाड्या दिसतात, आणि सकाळी कामावर निघालेली माणसं एकाच दिशेनं इतकी धावतात की वाटतं पलीकडे काहीतरी फुकट वाटताहेत. खालच्या रस्त्यावर एक चांभार, एक चष्म्यांचा दुकानदार आणि एक बाई आहे, ती फुलं विकते आणि गिऱ्हाइकांवर ओरडते. मला ती आवडली. तुम्हालाही आवडेल.

कचेरीत माझ्या नावाची पाटी अजून लागलेली नाही, पण टेबल ठेवलंय. मी त्याच्यामागे बसून बघितलं. खुर्ची फिरते. मी एकदा पूर्ण फिरले आणि शिपाई आत आला.

जेवायचं मात्र अवघड झालं. एकट्या बाईला हे शहर कुठे बसवतं माहीत आहे? हात धुवायच्या बेसिनशेजारी. नाहीतर स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी, म्हणजे जाता-येता प्रत्येकाचं ढोपर खुर्चीला लागतं. वाढपी आला की पहिला प्रश्न, "अजून कुणी येणार आहेत?" पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, नाही म्हटलं, तर त्यानं समोरचा चमचा-काटा उचलून नेला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हो, येणार आहेत. खिडकीजवळचं टेबल मिळालं. चमचा राहिला. मग रोज तेच सांगायला लागले. शेवटच्या दिवशी त्या वाढप्यानं माझा हिशेब आणताना हळूच विचारलं, "बाई, आज पण नाही आले?" मी म्हटलं, "कामात असतात." त्यानं मला एक कॉफी जास्तीची दिली, दया म्हणून. त्या भोजनगृहाला सेवेचे दहापैकी दहा दिलेत.

तुम्ही विचार करत असाल, असं मी धरून चालते. आणि तुमच्या मनात काय येत असेल तेही मला कळतं. घरी मी स्वयंपाक करणार, तुमच्यापुढे ताट ठेवणार, आणि तुम्हाला काही कळणार नाही. तुम्ही खोटं बोलणार, किंवा खरं बोलून मला रडवणार. म्हणून लिहून देते. आपल्या घरात तोच जुना नियम. चवीबद्दल बोलायचं नाही. मी कधी विचारणार नाही कसं झालंय म्हणून. वीस वर्षं तोंड मिटून जेवायची सवय आहे मला, त्यात काय अवघड आहे?

आणि वर बघायचं नसेल तर नका बघू. ताटात बघून जेवा, पूर्वीसारखे. मला चालेल.

मी


१८ मार्च

अहो,

जाऊबाईंचा फोन आला. तुम्ही पंचवीस तारखेला दुकानाचा माल घ्यायला इकडे येताय आणि संध्याकाळी मला भेटणार आहात! हे तुम्ही स्वतः सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं? पण मी आज भांडणार नाही.

बाजारापाठच्या गल्लीत एक लहान भोजनगृह उघडलंय, आपल्या कुठल्याच यादीत नाही. तिथे बसू. कामाचं काही नाही, पाकिटं नाहीत, ताटबदल नाही. करड्या रंगाचा स्वेटर नेलाय का तिकडे? संध्याकाळी गार होतं. तो घाला.

नणंदबाईंना सांगितलं, तर त्यांनी मला त्यांची पर्समधली लिपस्टिक देऊ केली. मी नको म्हटलं. मग घेतली.

मी


२९ मार्च

अहो,

तुम्ही बसमध्ये चढताना म्हणालात, "आता पत्रं नको लिहूस. पत्र आलं की दिवसभर माझं लक्ष लागत नाही, काल गिऱ्हाइकाला बिजागऱ्यांऐवजी कड्या दिल्या." म्हणून हे शेवटचं. वाचलं नाहीत तरी चालेल, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. वाचा.

तुम्ही करडा स्वेटर घालून आला होतात. गल्लीच्या तोंडाशी उभे होतात, हातात दुकानाची पिशवी, आणि मला बघून पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. एवढ्यावरून मला वाटलं की येताय तुम्ही माझ्याबरोबर. बाई माणूस कशावरून काय ठरवील त्याचा नेम नाही.

आपण किती छान बोललो हो! फुलवाल्या बाईची नक्कल केली तर तुम्ही पाणी पिता पिता ठसकलात. दादांनी रंगाच्या डब्यावर चुकीचं झाकण लावलं आणि एका माणसानं अख्खी भिंत जांभळी करून टाकली, ते तुम्ही सांगितलंत. तुम्हाला इतकं बोलताना मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. घराची चौकशी केलीत. लिफ्ट तिसऱ्याला का थांबते ते तुम्ही न बघताच सांगितलंत आणि म्हणालात, "मी आलो की बघतो." मी आलो की! मी तो शब्द उचलून पदरात बांधला. बाईंना होकार द्यायला मी सकाळीच जाणार होते, दोघांच्या नावानं.

सूप आलं. तुम्ही खाली बघून जेवत होतात, अगदी शहाण्यासारखे, मी लिहिलं होतं तसे. आणि मी विचारलं, "कसं आहे हो?"

मला कळलंसुद्धा नाही मी विचारलं. शपथेवर सांगते. नोकरीत इतकी वर्षं ज्या प्रश्नाला बंदी होती, घरासाठी लिहून दिलं होतं की विचारणार नाही, तोच नेमका तोंडातून गेला. समोर आपलं माणूस जेवत असलं की हे विचारलं जातं, त्याला डोकं लागत नाही.

तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे बघितलंत, तसंच, त्या वर्षभर बघत होतात तसं, घास तोंडात तसाच ठेवून. आणि म्हणालात, "फक्कड!"

मग तुम्हालाच ते ऐकू आलं. तुम्ही चमचा खाली ठेवलात.

"बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "हे असं होणार. तू विचारणार आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून काहीतरी ठोकून देणार. सकाळ-संध्याकाळ."

"नाही विचारणार मी."

"आत्ता विचारलंस ना."

"चुकून गेलं."

"चुकूनच जाणार गं. तुझी चूक नाही त्यात." तुम्ही रुमालानं हात पुसत होतात, हाताला काही लागलेलं नसताना. "तुला प्रत्येक वेळी वाटणार, हा बघतोय ते कामापुरतं. आणि मी शपथ घेऊन काय सांगू? मलाच आता कळत नाही मी कशासाठी बघतो ते. नजरेला सवय लागलीय. त्यापेक्षा दुकानात बरं. तिथे लोक विचारतात, दोन इंची खिळे आहेत का. असले तर हो म्हणतो, नसले तर नाही."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू जा. मोठी नोकरी आहे. तुझ्या हक्काची आहे. तुला मी आयुष्यभर समोर बसून खोटं बोलू? ते मला जमायचं नाही."

पुढे काही जेवण झालं नाही. बसस्टँडपर्यंत मी तुमच्या शेजारून चालले. तुम्ही रस्ता ओलांडताना माझा दंड धरलात, पलीकडे गेल्यावर सोडलात. तुमची बस वेळेवर आली, तिला कुठलीच घाई नसताना. मी काहीतरी बोलावं म्हणून तुम्ही पायरीवर क्षणभर थांबलात, हे मला दिसलं. मी तुमच्या पिशवीचा बंद सरळ करत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, रागावली. मी रागावले नव्हते.

काल मोठ्या बाईंना होकार दिला. एकटीचा. घर आवरतेय. तुमचे बाकीचे कपडे जाऊबाईंकडे पाठवते, हत्यारांची पेटीही. निळी डबी मात्र मी नेते, तिथले नळ कसे आहेत कुणास ठाऊक. नणंदबाई बांधाबांधीला आल्या होत्या. मला रडताना बघून त्याही रडल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, तू काही तरी खा गं." खोटी असली तरी नणंद चांगली निघाली.

बसपाशी जे बोलता आलं नाही ते आता लिहिते.

सूप करपलेलं होतं. थोडंथोडकं नव्हे, पार तळाला लागलेलं. वाढपी दारातून आत आला तेव्हाच मला वास आला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ते परत पाठवलं असतं आणि मालकाला चार शब्द सुनावले असते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, फक्कड.

तो हमरस्त्यावरचा मासाही वाईटच होता. तीनच गुणांचा. तुम्ही बाईंच्या खोलीत म्हणालात की ही खुशीत जेवत होती, आणि मी गप्प बसले, कारण काय सांगणार होते? पन्नाशीच्या बाईनं कचेरीत मोठ्या बाईंसमोर सांगायचं, की मासा कसला डोंबलाचा, समोर माझा नवरा बसलाय आणि तो माझ्याकडे बघतोय? मला लाज वाटली. मग राग आला, आणि राग सोपा असतो, तो लिहिता येतो. पण त्या वर्षी मी कुठे काय खाल्लं ते आता पाकिटं उघडल्याशिवाय मला आठवणारही नाही. तुम्ही बघत होतात एवढं आठवतं. कशासाठी का बघत असाना. मी आयुष्यात इतक्या सुखात कधी जेवले नव्हते.

तुम्हाला चेहरा वाचता येत नाही असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. वर्षभर तुम्ही जे गुण दिलेत ते अगदी बरोबर दिलेत. फक्त ते हॉटेलांच्या नावावर गेले.

तुमचीच